इटलीहून आलेला बैल

आईचा डावा डोळा गेला तेव्हा ती साताऱ्यात होती आणि मी चेन्नईत. फोनवर ती म्हणाली होती, "मधोमध जरा डाग दिसतोय, चष्म्याला तेल लागलं असेल." मीही म्हणाले, पुसून टाक. दोन महिने तिने चष्मा पुसला. पुढे तिला इथे आणून दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की या डोळ्यासाठी आता करण्यासारखं काही नाही, दुसरा सांभाळा. त्या दिवसापासून तिचा उजवा डोळा सांभाळणं एवढा एकच उद्योग मला उरला. तो मी कसा केला हे सांगायचं, तर आधी एका दिव्याबद्दल सांगावं लागेल.

दिवा इटलीचा, टेबलावर ठेवायचा. तिकडच्या काही डिझायनरांना ऐंशीच्या दशकात सरळ रेषांचा आणि शहाण्या रंगांचा कंटाळा आला आणि त्यांनी मुद्दाम वेड्यासारख्या वस्तू करायला घेतल्या, त्यातलाच हा. खाली चौकोनी खोका, त्यावर काळ्या-पांढऱ्या लॅमिनेटची वळवळत्या किड्यांसारखी नक्षी. खोक्यातून वर आलेला पिवळाधम्मक खांब. खांबाच्या डोक्यावर आडवी दांडी. दांडीच्या एका टोकाला निळी टोपी, तिच्यात बल्ब. दुसऱ्या टोकाला वजन तोलायला मोसंबीएवढा लाल गोळा. वायरवर गुलाबी बटण. बुडाशी पत्र्याची छोटीशी पट्टी, तिच्यावर कारखान्याचं नाव आणि क्रमांक.

मी गाड्यांच्या कंपनीत रंगाच्या विभागात आहे. डॅशबोर्डचा करडा आणि दाराच्या आतल्या प्लास्टिकचा करडा एकच दिसतो की नाही, हे दिवसभर बघत बसायचं. नमुने दर वेळी आलटूनपालटून ठेवायचे, कारण माणसाला जागा पाठ होते आणि मग तो डोळ्यांनी न बघता आठवणीने उत्तर देतो. हे नव्या मुलांना मीच शिकवते. त्या कामासाठी शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला सारख्या चकरा असायच्या. तिथल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला इटालियन इंजिनियर परत निघाला, तेव्हा घरातलं सामान विकून टाकत होता. मी मायक्रोवेव्ह बघायला गेले आणि दिवा घेऊन आले. किंमत आईला आजतागायत सांगितलेली नाही.

असले दिवे जमवणारे लोक जगभर आहेत आणि ते माझ्याहून वेडे आहेत. मूळ रंग, मूळ वायर, मूळ पट्टी. एक गोष्ट बदलली की वस्तू बाद. माझ्याकडून दोघांतिघांनी दिव्याचे फोटो मागवले, खाली लिहिलं, पुसूसुद्धा नका. मग काय, मी घरात कायदाच केला. दिव्याला कुणी हात लावायचा नाही. कामाला येणाऱ्या अक्कांना तर मी टेबलाच्या दोन हात अलीकडेच झाडू थांबवायला लावायचे. दोन खोल्यांचं घर आणि त्यात हा दिवा, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण मला तो आवडायचा.

आई इथे राहायला आली तेव्हा तिने दिव्यासमोर उभी राहून मान तिरकी केली. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई ती. म्हणाली, "अगं, हा तर बेंदराचा बैल! एक शिंग निळं, एक लाल. कुठल्या गड्यानं रंगवला?" आमच्याकडे आषाढात बेंदूर असतो, त्या दिवशी बैलाला असंच रंगवतात. मला राग आला आणि मग हसू आलं, कारण तो खरंच तसा दिसत होता. तेव्हापासून आमच्या घरात दिवा नाही, बैल. बैल लाव, बैल विझव.

तिचा आजार मला डॉक्टरांनी तीनदा समजावून सांगितला. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध बारीक रक्तवाहिन्या झिरपतात. त्यावर डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, पुन्हा पुन्हा. कडेची नजर राहील, घरात चालता-फिरता येईल. पण मधलं गेलं तर वाचणं गेलं, रंग गेले, माणसाचा चेहरा गेला. "रोज बघत राहा," डॉक्टर म्हणाले. "फरक वाटला तर त्याच दिवशी या. चार दिवसांनी आलात तर मी काही सांगू शकत नाही." घरी तपासायला त्यांनी चौकटी छापलेला एक कागद दिला. रेषा सरळ दिसतात की वाकड्या, ते बघायचं. आई म्हणाली, असल्या चौकटींवर मी पोरांकडून मोठी चित्रं काढून घेतली, मला नको हा कागद.

मग मी बैल पुढे केला. रोज सकाळी आंघोळ झाली की तिने खुर्चीत बसायचं, डाव्या डोळ्यावर तळहात धरायचा आणि रंग सांगायचे. पिवळा खांब, लाल गोळा, निळी टोपी, गुलाबी बटण. माझा डबा भरून होईपर्यंत हे आटपायचं. ती सांगायची, मी "बरोबर" म्हणायचे आणि मगच ऑफिसला निघायचे. त्या एका "बरोबर"वर माझा अख्खा दिवस चालायचा. मेट्रोत बसले की तोच शब्द मनात घोळवायचे.

आषाढात एका सकाळी ती थांबली. म्हणाली, "पिवळा खांब... गोळा तपकिरी वाटतोय गं."

डबा अर्धाच राहिला. तशीच तिला रिक्षात घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, थोडं झिरपलंय म्हणाले, त्याच दुपारी इंजेक्शन दिलं. वेळेत आलात, असंही म्हणाले. म्हणजे खरं तर आनंदाचा दिवस. पण मी काय केलं? बाहेरच्या बाकावर बसून हमसून हमसून रडले. आईवर ओरडले, की आदल्या दिवशी नक्की लालच दिसला होता का, की कंटाळा करून सांगितलंस. घरी आल्यावर अक्कांवर ओरडले, की तुम्ही तिला खोबरं का खवायला देता. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या बिचाऱ्या "परवाइल्ल मा, परवाइल्ल" म्हणत माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. असू दे बाई, असू दे. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आई डोळ्यात थेंब घालून पलंगावर बसलेली आणि मी तिच्यासमोर भिंतीला टेकून, ताट तसंच. तिसऱ्या दिवशी बैलाकडे बघून ती म्हणाली, "लाल." मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. बैलाने डोळा वाचवला, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले.

पुढे सगळं ठीक चाललं. श्रावण गेला, गणपती आले. गणपतीत डॉक्टरांनी पाहिलं आणि पुढची तारीख दीड महिन्यांनी, दसरा झाल्यावरची दिली. रोज सकाळी पिवळा, लाल, निळा, गुलाबी. खडखडीत आवाजात, पाढे म्हटल्यासारखं. मी हरखून जायचे.

बाकी मला तिच्यावर चिडायला कारणं पुष्कळ होती. पेपर वाचायचा तिने आळस सुरू केला. "मथळे तू वाच, तुझ्या तोंडून बरे वाटतात." तांदूळ निवडायचं काम अक्कांकडे सरकवलं. एकदा तर वांगी रंगाच्या साडीवर पोपटी ब्लाउज घालून खाली देवळात निघाली. मी म्हणाले, "आई, तू चित्रकलेची बाई ना? सातारा सोडलास तशी रंगांची अक्कलही सोडलीस का?" ती म्हणाली, "इथं कोण बघतंय मला." आणि ब्लाउज बदलून आली. दुसरा कुठला आणू, हे तिने अक्कांना विचारलं होतं. तेही मी ऐकलं होतं.

मग आयुधपूजा आली. आपल्याकडे जी खंडेनवमी, तीच इथे आयुधपूजा. पण इथला थाट काही वेगळाच. रिक्षांना केळीचे खांब, बसच्या काचेवर गंध, रस्तोरस्ती कुंकू भरून फोडलेले कोहळे. ऑफिसात रंग मोजायच्या यंत्रावर चंदनाचा ठिपका मीच लावला, चुरमुरे आणि गुळाचा प्रसाद घेतला आणि चांगल्या मनाने घरी आले. घरी आईने आणि अक्कांनी मिळून पूजा मांडली होती. आईचे जुने ब्रश, माझ्या रंगांच्या पट्ट्यांचा जुडगा, अक्कांची खोबरं खवायची विळी आणि मधोमध बैल. लाल गोळ्यावर चंदनाचा ओला, थलथलीत लेप आणि त्यावर कुंकवाचा टिळा.

माझं डोकं फिरलं. ऑफिसातल्या यंत्राला चालतं आणि माझ्या दिव्याला का नाही, हा विचार तेव्हा शिवलाही नाही. मी बडबडत ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. चंदन निघालं, पण त्याच्याखाली एक मळकट गोल वळ राहिला. जुना रंग, इतक्या वर्षांचा, त्याने ओल शोषली होती.

आई म्हणाली, "राहू दे गं. बैलाला टिळा लावला तर काय बिघडलं?"

मी कपाटातून थिनरची बाटली काढली. जुन्या रंगाला थिनर लावायचं नाही, हेही मीच नव्या मुलांना शिकवते. पण मी रागात होते. फडकं भिजवलं आणि घासायला लागले. फडक्यावर लाल येत होतं. मला वाटलं, कुंकूच निघतंय. जितकं लाल यायचं तितकी मी जोर लावून घासायचे, की एकदाचं निघून जाऊ दे. मग फडक्याखाली काहीतरी पांढुरकं चमकलं. पत्रा. गोळ्याच्या एका अंगाचा रंग सबंध फडक्यावर आला होता.

"निघालं का?" आईने विचारलं.

मी म्हणाले, "निघालं." आणि गोळा दांडीवरून फिरवून काढला आणि पदराआड... पदर कुठला, ओढणीआड लपवून आत नेला. गोळा नसला की बैल एका अंगाला कलंडतो, म्हणून तोही उचलून कपाटात ठेवला. आईला सांगितलं, बल्ब गेलाय, मिळायला आठवडा लागेल. लाज वाटत होती, हे खरंच. पण त्याहून मोठी भीती होती. रोजची परीक्षा बंद पडली होती. त्या आठवड्यात मी तिला डॉक्टरांचा चौकटींचा कागद दाखवत होते. "रेषा सरळ आहेत ना?" "सरळ आहेत बाई, दोरी धरून मारल्यासारख्या." ती इतक्या चटकन सांगायची, की मला शंकाच आली नाही.

गोळा घेऊन मी गुम्मिडिपूंडीला गेले. तिथे एक म्हातारे रंगारी आहेत, नमुन्यांचे तुकडे रंगवून देतात. तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी फार जुनं, त्याला तमिळ हेल, आणि मध्येच अख्खं वाक्य तमिळ. गोळ्याच्या मागच्या अंगाला उरलेल्या लालावरून मी रंग मोजून आकडे नेले होते. त्यांनी आकड्यांकडे पाहिलंही नाही. गोळा हातात फिरवला, उरलासुरला रंग काढून टाकला आणि त्यावर करडं अस्तर मारून मला परत दिला.

"रंग नंतर देतों, अम्मा," ते म्हणाले. "आधी घरी नेऊन बसवून पाहा. आटे धरले तर सरी, ठीक. नाही तर वरून रंग लागला की मग बसायचा नाही."

रंगाचा थर चढला की आटे घट्ट होतात, म्हणून अस्तर असतानाच बसवून बघायचं. बरोबरच होतं. शनिवारी सकाळी आई आंघोळीला गेली तशी मी कपाटातून बैल काढून टेबलावर आडवा केला, गोळा फिरवला. नीट बसला. बैल उभा करून मी दिवा लावला. पिवळा खांब, निळी टोपी आणि दुसऱ्या टोकाला राखेसारखा करडा गोळा. कसंतरीच दिसत होतं. आई बाहेर यायच्या आत काढून ठेवायचा होता, पण गॅसवर दूध होतं आणि ते वर आलं, म्हणून मी पळाले.

परत आले तर ती खुर्चीत बसलेली. दिव्याचा उजेड तिला जाणवला होता. तिने आपणहून डाव्या डोळ्यावर तळहात धरला.

"आला का बैल घरी? पिवळा खांब, लाल गोळा, निळी टोपी, गुलाबी बटण," ती म्हणाली. "झालं का समाधान? जा आता, डबा भर."

शनिवार होता, मला डबा न्यायचा नव्हता. मी दुधाचं पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. तिने दुसऱ्यांदा म्हटलं, जरा मोठ्याने. "लाल गोळा."

माझ्या तोंडून "बरोबर" निघालं नाही. ती उठली, टेबलापाशी आली आणि मी घालून दिलेला कायदा मोडून तिने गोळ्यावर हात ठेवला. अंगठ्याने घासलं. पुन्हा घासलं. तिचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला.

"हे खरखरीत लागतंय," ती म्हणाली. "अस्तर आहे हे."

"हो."

"वर कुठला रंग देणार आहेस?"

"लाल."

"मग मी चुकले कुठं?" असं म्हणून ती हसायला गेली, आणि मी पातेलं खाली आपटलं.

कधीपासून, कधीपासून, एवढंच मी ओरडत होते. ती खुर्चीत परत बसली. मग म्हणाली, गणपती गेले त्याच्या दुसऱ्यातिसऱ्या दिवसापासून. आधी गोळा मळका दिसायला लागला, मग सगळंच. मी मनात दिवस मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. चार दिवस म्हणाले होते डॉक्टर.

हॉस्पिटलात त्यांनी डोळ्याचा फोटो काढला, पडद्यावर मोठा करून पाहिला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. इंजेक्शन देऊन बघू म्हणाले, पण मधल्या भागात आता व्रण धरलाय, तो हटत नाही. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "रोज बघत होता ना तुम्ही?"

मी म्हणाले, "रोज."

ते खोटं नव्हतं. रोज तेच टेबल, तीच खुर्ची, तेच चार रंग आणि तोच क्रम. दुसऱ्या कुणाला मी असं करू दिलं असतं का? नमुने हलवायचे असतात हे मला माहीत होतं, आणि आईसमोर मी एकदाही काही हलवलं नाही. तिने चुकावं असं मला वाटतच नव्हतं. बरोबर उत्तर ऐकायचं होतं मला. ते तिने मला महिनाभर दिलं.

परत येताना रिक्षात ती माझ्या डाव्या बाजूला बसली होती. सिग्नलला रिक्षा थांबली. समोरच्या रिक्षाच्या टपावर अजून आयुधपूजेची झेंडूची माळ होती, वाळलेली. मी खूप शांतपणे विचारायचं ठरवलं होतं, पण आवाज फाटलाच.

"का गं आई? एक शब्द बोलली असतीस."

तिने तोंड माझ्याकडे वळवलं. पण नजर माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी होती, कडेने बघत होती.

"आषाढात मी चुकले, तेव्हा तू दोन दिवस जेवली नाहीस," ती म्हणाली. "तेव्हा तुझं तोंड मला नीट दिसत होतं." आणि थोड्या वेळाने, "आज जेवशील ना?"

मी हो म्हणाले. घरी आल्यावर तिला वाढलं, मलाही वाढून घेतलं आणि तिच्यासमोर बसले. बैल टेबलावर तसाच होता, करड्या गोळ्याचा, दिवा लावलेला. भात माझ्याच्याने गिळवेना. मी नुसता चमचा वाटीत फिरवत राहिले, मध्येमध्ये ताटावर वाजवत राहिले, तिला ऐकू जाईल असा.

"सावकाश जेव," आई म्हणाली.